तिसऱ्या टेबलावर कोण बसतं?

"उजेड सोडा!"

त्याच्याशी ती पहिल्यांदा बोलली ती ही अशी. नमस्कार नाही, या-बसा नाही. तिच्या हातातल्या चिमट्यात एक दात, समोर खिडकी, आणि खिडकीत उभा हा उंचच उंच माणूस. आपली सावली कुणाच्या कामावर पडते आहे याचा पत्ताच नाही त्याला!

"मी... माहिती घ्यायला आलोय," तो म्हणाला.

"घ्या की. उजेड नका घेऊ."

तो घाईने बाजूला झाला तो थेट कवळ्यांच्या फळीवर आदळला. दोन-चार जबडे खडखडले, एक वरची कवळी घरंगळत त्याच्या बुटापाशी येऊन पडली. अख्खी लॅब खो-खो हसली. तो मात्र वाकला, कवळी दोन्ही हातांनी उचलली आणि त्या कवळीलाच गंभीरपणे म्हणाला, "माफ करा आजोबा."

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून राग आला. आणि राग आला म्हणून ती मान वळवून पुन्हा दाताकडे बघायला लागली.

ती दात बनवायची लॅब होती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवायचे आणि इथे त्याचा दात व्हायचा. पहिल्या टेबलावर साचा ओतायचा, दुसऱ्यावर दात घडवायचा, तिसऱ्यावर त्याचा रंग जुळवायचा आणि चौथ्यावर घासून, चमकवून, डबीत घालून पाठवून द्यायचा. चौथं टेबल हिचं. घासायच्या चाकातून ठिणग्या उडत, आणि तोंडातूनही तशाच, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. तिसरं टेबल माईंचं. ठिणगीला हे काम हाताला धरून शिकवलं ते माईंनी. पहिल्या दिवशी हातातून दात निसटून मोरीत गेला तेव्हा मालकांपुढे "माझ्याकडून पडला" म्हणणाऱ्याही माईच.

मालकांना आता सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. कुठला दात कुठल्या टेबलावर किती वेळ अडकतो, ते त्यांना केबिनमध्ये बसून दिसायला हवं होतं. पण कॉम्प्युटरला सांगायच्या आधी इथे काय-काय चालतं ते कुणीतरी समजून घ्यायला हवं. त्यासाठी हा आला होता. दोन दिवसांत त्याचंही बारसं झालं – प्रश्नराव.

प्रश्नराव खरंच प्रश्न विचारायचा. प्रत्येकाला वेगळं बसवून मुलाखत घ्यायचा, मग ती लिहून आणून वाचून दाखवायचा, "असंच म्हणालात ना?" विचारायचा, आणि समोरचा हो म्हणाला तरच ते वाक्य ठेवायचा. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या उपसायचा. कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसता बघत राहायचा. तो बघायला लागला की सगळे एकदम शहाण्यासारखे वागायचे. दुसऱ्या टेबलावरचा कारागीर, जो जन्मात कधी हातमोजे घालत नसे, तो हातमोजे घालून चहा प्यायला.

मग त्याने एक प्रश्नावली वाटली. 'तुमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?' ठिणगीने लिहिलं – 'ही प्रश्नावली.'

तो कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. "हे उत्तर मी कुठे मोजू?"

"खरं बोलणाऱ्यांत."

"बरं." त्याने मान डोलावली. "म्हणजे त्या रकान्यात सध्या तुम्ही एकट्याच."

ती चाक जोरात फिरवून घासायला लागली. ठिणग्या उडाल्या. तो मागे सरकला, पण गेला नाही.

आभाळ भरून आलं की लॅबमधलं रंगाचं काम थांबायचं. दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही, त्याला खरा उजेडच लागतो. त्या दिवसांत तर पाऊस सारखा मुक्कामाला. ढग आले की माई हात पुसून डोळे मिटून बसत, आणि ठिणगी चहाचा पेला घेऊन जिन्यात. तिथे पायरीवर बसलं की जाळीच्या खिडकीतून पावसाचे बारीक तुषार पायांवर येत. आधी ती एकटी असायची. मग एकदा वरच्या पायरीवर तो येऊन बसला. मग खालच्या. मग त्याच.

"तुम्हाला तुम्ही घासलेले दात ओळखू येतात का हो?" त्याने एकदा विचारलं. "म्हणजे रस्त्यात वगैरे?"

"येतात. म्हणून मी माणसांच्या तोंडाकडे बघून बोलते. लोकांचा गैरसमज होतो."

"माझ्या तोंडाकडे बघता तेव्हा..."

"तुमचा खालचा एक वाकडा आहे."

"फक्त तेवढंच दिसतं?"

"जास्त विचारायचं नाही," ती म्हणाली आणि पेल्यात बघत राहिली. पेल्यातला चहा केव्हाच संपला होता.

अशीच एक भिजट दुपार. तो जाळीवरचे थेंब बोटाने पुसत होता. मग त्याने अगदी हळू विचारलं, "तुम्ही रोज एवढ्या दमता का? बाकीच्यांपेक्षा जास्त... मी बघतो."

काय झालं कोण जाणे. घरी आई विचारायची 'जेवलीस का', लॅबमध्ये मालक विचारायचे 'झालं का'. 'दमतेस का' असं बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं. माईंना आता शेजारशेजारचे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. पिवळट कुठला, करडट कुठला, गोंधळ होतो. मग त्यांनी रंग दिलेला दात चौथ्या टेबलावर आला की ही तो गुपचूप खिडकीत नेऊन बघते, रंग चुकला असेल तर खणातून दुसरा काढून नव्याने चढवते, आणि मग घासते. एका दाताला दोनदा राबते. माईंना यातलं काही माहीत नाही. मालकांना तर नाहीच.

"कुणाला सांगू नका" असं ती म्हणाली नाही. असल्या गोष्टींना ते म्हणावं लागतं असं तिला वाटलंच नाही. त्याच्या खांद्याला तिचा खांदा जरासा लागलेला होता. त्याच्या हातात पेन नव्हतं, तेही तिने पाहिलं होतं.

अहवाल आला तो स्वच्छ उन्हाच्या दिवशी.

आल्या-आल्या तिला माईंचं टेबल दिसलं. पुसून लख्ख केलेलं, रंगपट्ट्या एकीवर एक रचलेल्या. माई पदराने हात पुसत म्हणाल्या, "मालकांनी सांगितलं, महिना संपला की आराम करा." बस्स, एवढंच.

प्रत्येकाच्या टेबलावर अहवालाची एक प्रत होती. ठिणगीने उभ्याउभ्याच पानं उलटली आणि ते वाक्य सापडलं. 'टेबल क्र. ३ वर निवडलेला रंग टेबल क्र. ४ वर पुन्हा तपासला जातो व अनेकदा बदलला जातो. त्यामुळे टेबल क्र. ४ वर दुप्पट भार पडतो. टेबल क्र. ३ च्या कामाचा फेरविचार व्हावा.'

कागद मुठीत चुरगाळून ती जिन्याकडे निघाली. तो वर येतच होता. तिला बघून हसला. हसला!

"तू लिहिलंस हे?"

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गळून पडलं. दोघांच्याही ते लक्षात आलं, पण ती वेळ ते लक्षात घ्यायची नव्हती.

"हो. पण त्यात नाव कुणाचंच नाही," तो गडबडून म्हणाला. "मी कधीच नावं लिहीत नाही. आमच्यात नियमच आहे तसा, नुसता टेबलाचा नंबर—"

"तिसऱ्या टेबलावर कोण बसतं?"

तो एक पायरी खाली सरकला.

"सांग ना! पलटण बसते तिथे? पाळीपाळीने बसतात? एकच बाई बसते, केस पिकेपर्यंत तिथेच बसली आहे! तिचं नाव न लिहिता तिचा फोटो छापलास तू!"

त्याचा चेहरा उतरला. तिला दिसलं की हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मोठमोठ्या कचेऱ्यांत काम केलेला माणूस. तिथे एकेका खिडकीमागे दहा जण असतात, नंबरामागे माणूस लपतो. इथे नंबरामागे लपायला जागाच नव्हती. पण त्याची चूक कळली म्हणून तिचा राग थोडाच कमी होणार होता?

"आणि त्या दिवशी मला विचारलंस..." तिचा आवाज फाटला, तसा तिने तो आणखी चढवला. "तेव्हा तू कोण होतास? माझ्याशी बोलत होतास की माहिती गोळा करत होतास?"

त्याने खोटं बोलायला हवं होतं. निदान थोडं. पण तो म्हणाला, "दोन्ही."

"वा!"

"तुमचं काम दुप्पट होतंय ते कमी व्हावं म्हणून लिहिलं. तुम्ही दमता ते... मला बघवत नव्हतं."

"मी मागितलं होतं कमी करून? सगळ्यांचं लिहिलेलं वाचून दाखवतोस ना? मग माझं का नाही दाखवलंस?"

"कारण ती मुलाखत होती असं मला वाटलंच नव्हतं."

"मग लिहिलीस कशाला!"

तिने चुरगाळलेला कागद त्याच्या छातीवर फेकला आणि पायऱ्या दणाणत वर गेली. त्या दिवशी चौथ्या टेबलावर घासलेले दात इतके चकाकत होते की कुणाच्या तोंडात शोभले नसते.

संध्याकाळी घरी तिने पातेलं घासायला घेतलं. घासतच राहिली.

"त्याचं काय चुकलं?" आईने दारातून विचारलं.

"कुणाचं?"

"पातेल्याचं गं."

ठिणगीने मग सगळं सांगितलं, मोडकंतोडकं, रडू गिळत. माईंची नोकरी आपल्या तोंडामुळे गेली, हे आईपुढे मोठ्याने म्हणताना तिला स्वतःचीच शिसारी आली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"दिसायला कसा आहे गं तो?"

"आई!"

"विचारलं आपलं."

"एक दात वाकडा आहे," ती चिडून म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. मालक तापलेले होते. प्रश्नराव त्यांच्यासमोर उभा. त्याने रात्री डोळा मिटलेला नसावा, शर्टाची बटणंही एक घर चुकून लावली होती.

"ऐका हे साहेब काय म्हणतात," मालक म्हणाले. "अहवालातलं एक वाक्य काढून टाका म्हणे. का? खोटं आहे? तर नाही, खरं आहे म्हणतात. मग मी काय डोळ्यावर कातडं ओढून बसू?"

"खरं आहे, पण ते माझ्याकडे आलं ते चोरून," तो म्हणाला. "ज्यांनी सांगितलं, त्यांना मी ते लिहीन हे माहीत नव्हतं. त्या हो म्हणाल्या नव्हत्या. असं वाक्य मला ठेवता येत नाही. तुम्हाला चालत नसेल तर माझं बिल देऊ नका, पण त्यावरून कुणाला घरी पाठवू नका."

"कोणी सांगितलं?"

तो जिवणी घट्ट मिटून उभा राहिला. मालकांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवला, तरी नाही.

"मी सांगितलं," ठिणगी म्हणाली. तिने माईंकडे बघितलं नाही. बघवलं नाही. "मी बदलते ते रंग. पुढेही बदलीन. दुप्पट तर दुप्पट, मी कधी तक्रार केली? माईंना काढायचं असेल तर मलाही—"

धाडकन आवाज झाला. माईंनी टेबलावर हात आपटला होता. फळीवरच्या कवळ्यांनी दात वाजवले.

"गप्प बसा सगळे!"

माईंचा चढा आवाज त्या खोलीने कधी ऐकलाच नव्हता. मालकसुद्धा नकळत भिंतीला टेकले.

"डोळे माझे. टेबल माझं. याने हिला विचारलं, हिने याला सांगितलं, याने लिहिलं, तुम्ही वाचलं. सगळीकडे वरात फिरली. मला विचारलंत का कुणी? एकाने तरी?" मग त्या ठिणगीकडे वळल्या. "आणि तू गं! माझ्या मागे रंग बदलतेस, मला कळत नाही? मला दिसायचं कमी झालंय, ऐकायचं नाही. तुझा तो खण किती करकरतो!"

"तुम्हाला... माहीत होतं?" ठिणगीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून! बाई एवढी जिवापाड लपवतेय, तिचा विरस कशाला करा! तुझ्यासाठी बसून राहिले मी त्या टेबलावर, आणि तू म्हणे माझ्यासाठी राबतेस. मेलं, दोघी मिळून एकमेकींचा छळ करत होतो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. ठिणगीला हसावं की रडावं कळेना. राग तर आलाच होता, माईंचासुद्धा. पण त्यांचं खरंच होतं. तिने जिन्यात परक्या माणसाला सांगितलं होतं ते माईंना एकदाही विचारलं नव्हतं. जो ठपका तिने त्याच्या छातीवर फेकून मारला, तोच तिच्या पदरात येऊन पडला होता.

प्रश्नरावाने स्टूल ओढलं. माईंसमोर बसला, त्यांच्याहून खाली.

"माई, मी आता विचारू? जे सांगाल ते वाचून दाखवीन. नको म्हणालात तर इथेच फाडीन."

"विचार."

"तुम्हाला काय हवंय?"

इतका साधा प्रश्न माईंना कुणी विचारला नसावा, त्यामुळे उत्तर शोधून आणायला त्यांना अंमळ लांब जावं लागलं.

"फोन," त्या म्हणाल्या.

"फोन?"

"ते डॉक्टर लोक फोनवर वाट्टेल ते बोलतात. रंग चिठ्ठीवर अर्धवट लिहितात आणि वर आमच्यावर ओरडतात. मालक नुसते हो साहेब, हो साहेब करतात. मला द्या तो फोन. मला कळतं त्यांना काय विचारायचं ते." आणि मग आवाज खाली आणून, जरा लाजून, "आणि मला भांडायचंय. इतकी वर्षं दाताकडे बघून गप्प बसले. खूप साठलंय."

मालक म्हणाले, "बघू."

"बघू नाही," माई म्हणाल्या.

मालकांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. एकही तोंड त्यांच्या बाजूचं नव्हतं. पुटपुटत ते केबिनमध्ये गेले. तेवढ्यात आत फोन वाजला, आणि मालक वायरीसकट तो हातात धरून बाहेर आले, निखारा धरल्यासारखा. माईंनी घेतला. "हॅलो? कोण? आधी आवाज खाली करा..."

रंगाचं टेबल अर्थातच ठिणगीकडे आलं, आणि घासायला नवीन कुणीतरी येणार असं ठरलं. 'येणार' म्हणजे केव्हा, ते मालकांनी सांगितलं नाही. तोवर दोन्ही तिच्याच गळ्यात. म्हणजे राग यायला आणखी एक कारण.

दिवस कलला तेव्हा प्रश्नराव आपली कागदपत्रं आवरून निघाला. त्याचं इथलं काम संपलं होतं. निघताना त्याने तिच्याकडे बघितलं आणि तो जिना उतरून गेला.

गेला? असाच?

तिने हातातलं काम टाकलं, माईंच्या "पळ, पळ" कडे मुळीच लक्ष दिलं नाही, आणि पळाली.

रस्ता ओला होता. दुकानांचे दिवे नुकते लागत होते. तिने त्याला कोपऱ्यावर गाठलं आणि काही न बोलता बरोबरीने चालायला लागली. एक गल्ली गेली. दुसरी गेली. एका दुकानाच्या छपरावरून दोघांच्या मध्येच पाणी ठिबकलं, दोघं दोन बाजूंना झाले आणि पुन्हा जवळ आले.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"हो."

"हो काय! काहीतरी विचार ना! एरवी तोंड बंद होत नाही तुझं!"

"नाही विचारणार."

"का?"

"मी विचारतो, माणसं विश्वासाने सांगतात..." तो थांबला. "तुमच्या बाबतीत मला आता भीती वाटते. तुम्ही आपणहून जे सांगाल, तेवढंच माझं. बाकी काही मागायचा हक्क मी घालवलाय."

हे असं बोलून माणसाने समोरच्याचा राग असा मधल्यामध्ये अडकवून ठेवावा, याचा तिला फार राग आला. ती पुढे चालत राहिली आणि अचानक तिच्या लक्षात आलं.

"मला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही!" ती जवळजवळ ओरडली. "सगळं माझंच विचारलंस. मीही शहाणी, सांगत बसले. तुझ्या घरी कोण आहे?"

"बाबा. आणि मोठी बहीण, ती लग्न होऊन शेजारच्याच इमारतीत. रोज येऊन दोघांना ओरडून जाते."

"चांगलं करते. भीती कशाची वाटते?"

"आधी झुरळांची. आता तुमची."

"लबाड! रात्री झोपला नाहीस ना?"

"नाही."

"रडलास?"

तो कानापर्यंत लाल झाला. लोकांच्या पोटातलं अलगद काढून घेणारा हा माणूस, स्वतःची वेळ आली तेव्हा शाळेत उत्तर न येणाऱ्या प्रश्नापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा झाला होता. त्याच्या बटणांकडे तिचं पुन्हा लक्ष गेलं. दिवसभर कुणी त्याला सांगितलंही नव्हतं. तिच्या आत काहीतरी हललं. तिने ते रागाच्या खाली दडपून टाकलं, पण ते दडपेना.

"आणि मी?" ती रस्त्यातच थांबली. "मी... आवडते की नाही, हेही मलाच विचारावं लागणार का?"

मागून सायकलवाला घंटी वाजवत, शिव्या देत गेला. त्यांनी ऐकलं नाही.

"आवडतेस," तो म्हणाला. त्याचंही 'तुम्ही' त्या ओल्या रस्त्यावर कुठेतरी पडून गेलं. "फार. उजेडातून हाकललंस ना, तेव्हापासून."

"मग इतके दिवस काय विचारत बसला होतास?"

"हे सोडून सगळं."

तिने एक मोठा श्वास घेतला, मान फिरवली आणि चालायला लागली. राग गेला नव्हता. एवढ्यात जाणारही नव्हता, तो काढायला माईंना घालून पाडून बोलणारा एखादा डॉक्टर सापडेपर्यंत तरी नक्कीच नाही. पण तिने पावलं हळू टाकली, त्याला गाठता येईल इतकी हळू. आणि तो शेजारी आल्यावर, समोरच बघत, त्याच्याकडे अजिबात न बघता, तिने आपला हात त्याच्या हातात दिला.